‘जागरूक पालक’

[दृश्य: शाळेचा फलक. वर कन्नड, खाली मराठी. कौलांवरून पागोळ्या.]

सरकारी मराठी प्राथमिक शाळा, पहिली ते पाचवी. बेळगाव जिल्ह्याच्या सीमाभागात कमी पटाच्या अशा बऱ्याच शाळा आहेत. फलकावरचं गावाचं नाव आम्ही पुसट केलं आहे. ज्या अधिकाऱ्याची ही हकिगत आहे, त्याचं नाव, चेहरा किंवा फोन नंबर या फिल्ममध्ये येणार नाही. ज्यांना ते कळायला हवं होतं, त्यांना कळलेलं आहे.

[दृश्य: मोबाईलचा पडदा. स्थानिक बातम्यांच्या व्हिडिओखालच्या कमेंट्स.]

तालुक्यातल्या बातम्या देणाऱ्या एका यूट्यूब चॅनेलवर मराठी शाळांची बातमी आली, की खाली एक माणूस हमखास लिहायचा. स्वतःला पालक म्हणवायचा. शाळेत अकराच पोरं उरलीत, बाईंची बदली ठरलेली आहे, पुढच्या जूनला दाराला कुलूप लागणार, तेव्हा शहाण्या आईबापांनी आत्ताच दाखला काढून घ्यावा, असा त्याचा सूर. भाषा सभ्य, आकडे नेमके. शिवीगाळ करणाऱ्याकडे लोक दुर्लक्ष करतात. नेमका आकडा सांगणाऱ्याचं मात्र खरं वाटतं.

अशा कमेंटनं काय होतं, ते आधी समजून घेऊ. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात. चौदा मुलांच्या शाळेतून तीन मुलं गेली, तर कागदावर तिची मंजूर पदं तेवढीच राहतात. पण दुसरं पद रिकामं झालं, की ते भरण्याची निकड कोणाला वाटत नाही. मग एकच बाई पाच वर्ग बघते, अहवाल भरते, दुपारच्या जेवणाची अंडीही मोजून घेते. हे पाहून आणखी दोन घरं दाखला मागतात. शाळा अशीच मरते, बंदीचा हुकूम फार शेवटी येतो.

[दृश्य: बोट एका कमेंटवर थांबतं. हँडलवर टॅप.]

आता हा भाग नीट पाहा. यूट्यूबवर चॅनेलचं नाव वेगळं असतं आणि हँडल वेगळं. २०२२ च्या अखेरीस कंपनीनं प्रत्येक चॅनेलला हँडल दिलं. ज्यांनी स्वतः निवडलं नाही, त्यांना आपोआप मिळालं. जुनं नाव इंग्रजी अक्षरांत असेल, तर बहुतेक वेळा त्याच नावावरून, शेवटी काही आकडे जोडून. पुढं माणसानं चॅनेलचं नाव बदललं, तरी हँडल आपोआप बदलत नाही. ते वेगळं बदलावं लागतं. आणि कमेंटच्या वर जगाला दिसतं ते हँडल.

या माणसानं नाव ‘जागरूक पालक’ केलं आणि हँडल तसंच राहू दिलं. आद्याक्षरं, आडनाव, पुढं चार आकडे. इतके महिने ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. अक्षरं-आकड्यांची गिचमिड म्हणून कोणी वाचलंच नाही.

पण एवढ्यावर कोणावर बोट ठेवता येत नाही. या आडनावाची तालुक्यात शेकडो घरं आहेत. आद्याक्षरं जुळणारी माणसंही सापडतील. इथंच बरेच जण घसरतात. हँडल पाहिलं, स्क्रीनशॉट काढला, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. तासाभरात कमेंट्स उडतात, चॅनेल उडतं, हातात एक चित्र उरतं. तेही बनावट आहे असं म्हणायला समोरचा मोकळा.

[दृश्य: चॅनेलचं पान. खाली सरकत जुना व्हिडिओ.]

हँडलवर टॅप करून चॅनेलचं पान उघडलं, की तिथं जुने व्हिडिओ असतील तर दिसतात. इथं होते. एका शाळेच्या स्नेहसंमेलनाचं हललेलं चित्रीकरण, आणि शेवटी फोन स्वतःकडं वळवून चित्रीकरण करणारा आपलं नाव, शाळा आणि क्लस्टर, म्हणजे जवळपासच्या शाळांचा गट, सांगतो. आवाज तोच, जो दर महिन्याला क्लस्टरच्या बैठकीत शिक्षकांना सूचना देतो.

क्लस्टर समन्वयक, म्हणजे सीआरपी. आपल्याकडं शिक्षण खात्याची उतरंड अशी: बेळगाव आणि चिकोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे, प्रत्येकाला उपसंचालक, त्यांच्याखाली तालुक्याचे गटशिक्षणाधिकारी आणि शाळांच्या सर्वांत जवळ हा सीआरपी. पेशानं शिक्षकच, पण वर्गाऐवजी दहा-पंधरा शाळांची जबाबदारी. शाळांना भेटी देणं, शिकवणं पाहणं, पट-हजेरीची माहिती गोळा करून वर पाठवणं हे त्याचं काम. शाळेबद्दल तालुक्याच्या कार्यालयात जे मत तयार होतं, त्याचा कच्चा माल हाच माणूस पुरवतो. तोच रात्री पालक बनून पालकांना घाबरवत होता.

[दृश्य: शेरेबुकाचं पान, क्लोज-अप. निळी शाई, तारीख, सही. नाव झाकलेलं.]

हे पान म्हणजे या प्रकरणातला सर्वांत भक्कम दुवा. भेटीला आलेला अधिकारी शेरेबुकात नोंद करतो. त्या दिवशी पाऊस होता, ओढ्यापलीकडची मुलं आली नव्हती. नोंद आहे: हजर अकरा. शेजारी बाईंचं हजेरीपत्रक पाहा. पट चौदा. अकरा हा आकडा पटाचा कधीच नव्हता. एका ओल्या दिवसाची ती हजेरी होती, आणि ती लिहिलेली होती फक्त या पुस्तकात. कमेंटमध्ये मात्र तोच अकरा पट म्हणून आला. गावातल्या कुठल्याही पालकानं चौदा म्हटलं असतं, कारण कोणाची पोरं शाळेत जातात हे इथं सगळ्यांना तोंडपाठ असतं.

लिहिण्याची ढबही बोलकी होती. कमेंटमध्ये शाळेला ‘एलपीएस’, म्हणजे लोअर प्रायमरी स्कूल, म्हटलेलं आहे. पालक असं बोलत नाहीत, कार्यालय बोलतं. पण ढब हा दुय्यम पुरावा. ती दिशा दाखवते, सिद्ध काही करत नाही. म्हणून तक्रारीत तिला शेवटी जागा दिली.

[दृश्य: टेबलावर दोन फोन, लॅपटॉप, वही. एसडीएमसीचे सदस्य.]

शाळा सुधारणा कमिटीनं, म्हणजे एसडीएमसीनं, तोंडातून अक्षर काढण्याआधी पुरावा बांधून घेतला. कसा, ते सांगतो.

कमेंटच्या वर, हँडलशेजारी ‘तीन महिन्यांपूर्वी’ एवढंच दिसतं, तारीख नसते. संगणकाच्या ब्राउझरमध्ये त्या वेळेवर क्लिक केलं, की फक्त त्या कमेंटचा वेगळा पत्ता मिळतो. तो वहीत उतरवायचा. नेमकी वेळ हवी असेल, तर कंपनीनं प्रोग्रॅमरसाठी खुल्या ठेवलेल्या एपीआयमधून ती सेकंदापर्यंत मिळते, पण जागतिक वेळेत. त्यात साडेपाच तास मिळवायचे. हे विसरलं, की रात्री साडेनऊची कमेंट दुपारी चारची होऊन बसते, आणि त्या वेळी मी ड्युटीवर होतो असं उत्तर तयार असतं.

सुटा स्क्रीनशॉट पुरेसा नाही. रिकाम्या ब्राउझरपासून सुरुवात करून पत्ता टाइप करणं, व्हिडिओ उघडणं, कमेंट, हँडल, चॅनेल, जुना व्हिडिओ, असं सगळं एका सलग स्क्रीन-रेकॉर्डिंगमध्ये घेतलं. दोन सदस्य समोर बसलेले, त्यांच्या सह्यांचा पंचनामा. मूळ फाईल त्याच फोनमध्ये ठेवली. व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ म्हणून पाठवली, की ती दाबली जाते आणि मूळ राहत नाही. फाईलचं हॅश मूल्य, एसएचए-२५६, म्हणजे फाईलमध्ये जरा जरी बदल झाला तरी बदलणारा तिचा ठसा, काढून कागदावर लिहिलं. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली कोर्टात द्यायच्या प्रमाणपत्रात हे मूल्य लागतं. पानांची नक्कल साठवणाऱ्या संकेतस्थळांवर भिस्त ठेवली नाही, कारण यूट्यूबच्या कमेंट्स तिथं बहुधा उतरतच नाहीत.

काही गोष्टी मुद्दाम केल्या नाहीत. ‘पासवर्ड विसरलात?’ दाबून त्याच्या नंबरचे शेवटचे आकडे पाहण्याची एका तरुणाची सूचना होती. ती नाकारली. दुसऱ्याच्या खात्याच्या दाराशी चाळा केला, की तक्रारदारच आरोपी होतो. फसवी लिंक पाठवून आयपी पत्ता काढायचा बेतही नाकारला. तो पत्ता तसाही घरापर्यंत नेत नाही, मोबाईल कंपन्या एकाच पत्त्यामागं असंख्य ग्राहक ठेवतात. तो शोध पोलिसांचा, कंपनीकडं रीतसर मागणी करून करायचा.

फोन पोराच्या हातात असतो, कमेंट त्यानं केली असेल, हा बचाव येणार हे गृहीत होतं. त्याला उत्तर शेरेबुकातला अकरा. तो पोराला कुठून कळणार?

[दृश्य: तालुक्याचं ठिकाण. गटशिक्षणाधिकारी कार्यालयाचा जिना.]

तक्रार कन्नडमध्ये, सोबत मराठी प्रत, दोन्हींवर पोच. आधार: कर्नाटक राज्य नागरी सेवा वर्तणूक नियम, २०२१. मागणी एवढीच, की सरकारी कामात मिळालेली माहिती खोट्या ओळखीनं आणि चुकीच्या अर्थानं पसरवली, याची चौकशी व्हावी. सरकारी नोकरालाही मत असतं. मराठी शाळा नकोत असं त्याचं मत असेल, तर ते त्याच्यापाशी. ते पालकाच्या वेषात आणि खात्याच्या आकड्यांनिशी मांडायचा अधिकार त्याला नाही.

चौकशी झाली. सभेत कॅमेरा नेऊ दिला नाही. समन्वयकाला क्लस्टरच्या कामातून काढून वर्गावर पाठवलं, आणि चॅनेल आता दिसत नाही.

[दृश्य: वर्ग. मुलं पाटीवर लिहिताहेत. बाई फळ्यापाशी.]

दोन घरांनी दाखले नेले होते, ते परत आले नाहीत. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असं संविधानाचं कलम ३५० क सांगतं. तिची अंमलबजावणी या एका खोलीत चालते.

[दृश्य: टपाल खात्याची पोस्टल ऑर्डर, अर्जाचा कागद.]

चौकशीचा अहवाल माहिती अधिकारात मागितला, तर नकार येण्याची शक्यता मोठी. कर्मचाऱ्याच्या शिस्तभंगाची कागदपत्रं ही वैयक्तिक माहिती, या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निकालाचा आधार घेतला जातो. म्हणून कमिटीनं अहवाल मागितलेलाच नाही. दहा रुपयांची ऑर्डर जोडून मागितलं आहे ते एवढंच: क्लस्टरमधल्या प्रत्येक मराठी शाळेचा समन्वयकानं वर कळवलेला पट आणि त्याच दिवशीचा शाळेच्या हजेरीपत्रकातला पट. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा, त्यामुळं शाळावार वेगळे अर्ज केले आहेत. उत्तराची मुदत तीस दिवस. जिथं दोन आकडे जुळणार नाहीत, तिथल्या कमिटीला शेरेबुक आधी कुलपात ठेवायला सांगितलं आहे.