न्हाणीतला झाडबेडूक

टक्... टक्-टक्-टक्. लाकडावर कुणी टिचक्या मारतंय असं वाटतं ना? मुलांनो, हा नर झाडबेडूक मादीला हाक मारतोय. मिरगाचा पाऊस पडून गेला, की मराठवाड्यात रात्री कान देऊन ऐका.

झाडबेडूक म्हणजे घनदाट जंगलातला प्राणी, असं आपल्याला वाटतं. पण हा बेडूक विहिरीवरच्या चिंचेवर, केळीच्या पानांच्या बेचक्यात, झाडाच्या ढोलीत आणि थेट आपल्या न्हाणीच्या भिंतीवरही राहतो. भारतात बहुतेक ठिकाणी आढळणाऱ्या या बेडकाचं शास्त्रीय नाव पॉलिपेडेटिस मॅक्युलॅटस. मादी साधारण 7-8 सेंटीमीटरची, नर तिच्याहून लहान. अंग तपकिरी, ते कधी फिकं होतं, कधी गडद. बसलेला असतो तेव्हा साधाच दिसतो, पण उडी मारताना त्याच्या मांड्यांच्या मागच्या बाजूचे पिवळे ठिपके बघा. किती देखणे आहेत!

आता त्याची बोटं जवळून पाहू. प्रत्येक बोटाच्या टोकाला गोल, चपटी गादी आहे. सूक्ष्मदर्शकातून तिच्यावर सहा कोनांच्या पेशी दिसतात आणि त्यांच्या मधल्या बारीक चरांत ओलसर द्रव असतो. त्या ओलाव्यामुळेच तो गुळगुळीत फरशीवरही सरळ वर चढतो.

पण आपल्याकडचा उन्हाळा कसा असतो, ते तुम्हाला माहीतच आहे. आड आटतात, टँकर येतात. बेडकाची कातडी तर पातळ, तिच्यातून पाणी भराभर उडून जातं. मग हा जगतो कसा? त्याच्या कातडीतून तेलकट स्राव निघतो. मागचे-पुढचे पाय फिरवून तो हा स्राव डोक्यापासून पोटापर्यंत अंगभर चोळतो. मग पाय पोटाशी घट्ट दुमडतो, डोळे मिटतो आणि हालचाल न करता बसून राहतो. उघडी कातडी जितकी कमी, तितकं पाणी वाचतं. न्हाणीत तो येतो तोही ओलाव्यासाठीच. पाणी तो तोंडानं पीत नाही, ओल्या जागी बसून कातडीतून शोषून घेतो. म्हणूनच साबणाचे हात त्याला लावू नका. झाडूनं हाकलायचीही गरज नाही. तो चावत नाही, उलट रात्री किडे खातो.

पावसाळ्यात हौदाच्या आतल्या भिंतीवर किंवा पाण्यावर झुकलेल्या फांदीला पांढरा फेस दिसला, तर तो साबणाचा समजून धुऊ नका. ते त्याचं घरटं आहे! मादी अंडी घालताना एक द्रव सोडते आणि पायांनी तो घुसळून त्याचा फेस करते. वरचा थर वाळून कडक होतो, आत मात्र शेकडो अंडी ओली राहतात. काही दिवसांत पिल्लं फेसातून सुटून टपटप खाली पाण्यात पडतात. साधारण दोन महिन्यांत त्यांना पाय फुटतात आणि शेपूट पुरती जिरायच्या आधीच ही नखाएवढी पिल्लं हौदाची भिंत चढू लागतात.