पौलाच्या प्रेमापोटी

श्रोतेहो, नमस्कार. बायबलच्या नव्या करारात पौल या आद्य ख्रिस्ती धर्मप्रचारकाच्या नावावर 13 पत्रं आहेत. त्यातली सात खुद्द त्याचीच, यावर बहुतेक अभ्यासकांचं एकमत आहे. तेरापैकी सात. उरलेल्या सहांवर वाद आहे. पौल सांगायचा, लेखनिक उतरवून घ्यायचा. रोमकरांना लिहिलेल्या पत्रात तर्तियस नावाचा लेखनिक स्वतःचाही नमस्कार कळवतो. गलतीकरांना मात्र पौल सांगतो, बघा, केवढ्या मोठ्या अक्षरांत मी माझ्या हाताने लिहितोय! पत्र कुणाकडूनही लिहून घ्यावं, पण शेवटच्या दोन ओळी आपल्या हातच्या हव्यात, असं माझं ठाम मत आहे. हल्ली वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा दुसऱ्याच्याच पुढे पाठवलेल्या येतात. वाईट वाटतं. असो.

आता गोष्ट ऐका. इकुन्या गावात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या कोन्यात, थेक्ला नावाची मुलगी. लग्न ठरलेलं. शेजारच्या घरी पौल बोलतोय आणि ही तीन दिवस, तीन रात्री खिडकीतून हलत नाही. पौलाला तुरुंगात टाकतात. रात्री ती हातातल्या बांगड्या काढून दरवानाला देते, चांदीचा आरसा तुरुंगाच्या रखवालदाराला देते, आत जाते आणि पौलाच्या बेड्यांचं चुंबन घेते. पुढे तिला श्वापदांपुढे सोडतात, तेव्हा पाण्यात उडी घेऊन ती स्वतःच स्वतःचा बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी, करते.

याच थेक्लाचा दाखला देऊन बायका म्हणू लागल्या, आम्हीही शिकवू, आम्हीही बाप्तिस्मा देऊ. इ.स. 200च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुलियन त्यावर चिडला. त्याने लिहून ठेवलंय, थेक्लाची ही गोष्ट ज्यात आहे तो पौलाच्या नावावरचा ग्रंथ पौलाचा नव्हेच, रोमन साम्राज्याच्या आशिया प्रांतातल्या एका धर्मगुरूने रचलेला आहे. त्या धर्मगुरूला पकडलं. त्याने कबूल केलं, मी हे पौलाच्या प्रेमापोटी केलं. प्रेमापोटी, श्रोतेहो! त्याचं पद गेलं.

बायकांबद्दलचं तर्तुलियनचं म्हणणं मला मुळीच पटत नाही. पण पद गेलं ते योग्यच झालं, असं मला वाटतं. प्रेम खरं असेल, पण नाव दुसऱ्याचं होतं. खरं-खोटं पारखणारे लोक तेव्हाही होते, एवढं ध्यानात घ्या.

पुढे 384 साली एजेरिया नावाची यात्रेकरू बाई आजच्या तुर्कस्तानातल्या सेलुकियाजवळच्या थेक्लाच्या स्थानी पोचली. तिने तिथे प्रार्थना केली आणि थेक्लाची ही कथा सबंध वाचली.