सिस्टर काय म्हणाल्या गं?

नमस्कार. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, पहिल्या दोन रांगा मोकळ्या आहेत. इथं कुणी इंजेक्शन देणार नाही.

मी ३४ वर्षं सरकारी रुग्णालयांत काढली. स्टाफ नर्स म्हणून लागले आणि इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाले. त्यातली बरीच वर्षं मेडिसिन वॉर्डात गेली. या वॉर्डातला माणूस रोग इथं सोडून घरी जात नाही, सोबत घेऊनच जातो. शुगर, बीपी, दमा, किडनी. औषध आम्ही चार दिवस देतो आणि पुढची वीस वर्षं त्याचं त्याला घ्यायचं असतं. संयोजकांनी पत्रिकेवर ‘रुग्णांचे आरोग्यशिक्षण’ असं छापलंय. मी त्याला नुसतं ‘सांगणं’ म्हणते. आणि सांगताना आम्ही कुठं चुकतो, तेवढंच आज बोलणार आहे.

एक आजोबा होते. आयुष्यभर बिडी ओढलेली, छातीचा भाता झालेला. तीन महिन्यांत तिसऱ्यांदा ॲडमिट. केसपेपरवर कुणीतरी शेरा मारला होता, ‘औषध नियमित घेत नाही’. मी विचारलं, “आजोबा, औषध घेता ना?”

“घेतोय की बाई. सकाळी एक, रात्री एक. एक दिस चुकवला न्हाई.”

का कुणास ठाऊक, पण मी म्हटलं, “घ्या बरं माझ्यासमोर.” त्यांनी बंडीच्या खिशातून कॅप्सूल काढली, तोंडात टाकली आणि तांब्यातलं पाणी प्याले. ती कॅप्सूल गिळायची नव्हती. रोटाहेलर म्हणून छोटं यंत्र येतं, त्यात ती घालायची, यंत्र पिरगळायचं, कॅप्सूल उघडते आणि आतली पूड जोरात श्वास घेऊन छातीत ओढायची. पोटात गेली तर छातीला तिचा जवळजवळ काही उपयोग नाही. मी विचारलं, यंत्र कुठंय? तर घरी, कपाटात, नव्या रुमालात गुंडाळून. महागाची वस्तू, नातवंडं मोडतील म्हणून.

आता तुम्ही हसलात. मला तेव्हा हसू आलं नाही, कारण मागच्या डिस्चार्जला ते यंत्र त्यांना शिकवणारी मीच होते. एसटीची वेळ झालेली, मुलगा रिक्षा थांबवून आलेला, शेजारच्या खाटेवर सलाईन संपत आलेलं. मी यंत्र हातात धरलं, पिरगळून दाखवलं आणि विचारलं, “समजलं का आजोबा?” त्यांनी मान हलवली. मी फाइलवर सही केली.

तेव्हापासून ‘समजलं का?’ हा प्रश्न मी विचारला नाही. त्याचं उत्तर ‘हो’ असंच येतं. पांढऱ्या कपड्यातली बाई घाईत उभी आहे, तिला ‘नाही समजलं’ म्हणायचं म्हणजे आपणच अडाणी ठरायचं. शाळेतही आपण हेच शिकलो, गुरुजींनी विचारलं की मान हलवायची. शिकलेली माणसं तर जास्तच हलवतात. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी माझं सगळं बोलणं वहीत उतरवून घेतलं होतं आणि घरी जाऊन रक्त पातळ होण्याची गोळी दोन दिवसांची एकदम घेतली, आदल्या दिवशीची राहिली होती म्हणून. वहीत ते नव्हतं, कारण मी सांगितलंच नव्हतं.

आणि खरं ऐकायचं असेल तर वॉर्डाच्या दाराबाहेर उभं राहावं. आम्ही पाठ फिरवली की नातेवाईक एकमेकांना विचारतात, “सिस्टर काय म्हणाल्या गं?” दुसरी म्हणते, “तुला कळलं असंल म्हणून मी गप ऱ्हायले.”

मग करायचं काय? प्रश्न उलटा करायचा. मी म्हणायचे, “मावशी, मी घाईघाईत बोलते, माझं काहीतरी राहून जातं. घरी गेल्यावर सूनबाईंनी विचारलं, औषध कसं घ्यायचं म्हणून, तर त्यांना कसं सांगाल? मला सांगून दाखवा.” आमच्या पुस्तकी भाषेत याला टीच-बॅक म्हणतात. नाव परदेशी असलं तरी आजीनं नातवाकडून पाढे म्हणून घ्यावेत तसाच हा प्रकार आहे. फरक एवढाच की इथं चूक निघाली तर ती माझी. मावशींनी चुकीचं सांगितलं तर मी परत, वेगळ्या शब्दांत सांगायचं. आणि वस्तू असेल तर सांगून नाही, करून दाखवायला लावायचं.

वस्तूंमध्ये सगळ्यात घातकी म्हणजे इन्सुलिनची सिरिंज. यावर मी जरा वेळ घेणार आहे, कारण या सभागृहात इन्सुलिन घेणारे आठ-दहा जण तरी असतील.

आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात. एकीत प्रत्येक मिलिलिटरला ४० युनिट, दुसरीत १००. इन्सुलिन टोचायचं पेन येतं, त्यातलं बहुतेक १०० चं. सिरिंजही दोन. ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी टोपणाची. ४० च्या बाटलीला ४० ची सिरिंज, १०० च्या बाटलीला १०० ची. बाटली आणि सिरिंज दोन्हींवर आकडा छापलेला असतो, पण किती बारीक! चाळिशीच्या पुढच्या माणसानं तो वाचावा अशी छापणाऱ्याची इच्छा दिसत नाही.

आता एक बाई २० युनिट घेतात. बाटली ४० ची. गल्लीतल्या मेडिकलमध्ये लाल सिरिंज संपली होती, पोऱ्यानं केशरी दिली, म्हणाला एकच आहे. बाईंनी नेहमीसारखं २० च्या रेघेपर्यंत ओढलं. केशरी सिरिंजमध्ये २० ची रेघ म्हणजे ०.२ मिलिलिटर. ४० च्या बाटलीतल्या एवढ्या औषधात युनिट किती? आठ. वीसच्या जागी आठ. शुगर खाली येईना. डॉक्टरांनी डोस वाढवला, घरच्यांनी ‘चोरून गोड खाते’ म्हणून टोमणे मारले. बाई बिचारी भातसुद्धा सोडून बसली. मी त्यांना सिरिंज भरून दाखवायला सांगितली तेव्हा केशरी टोपण दिसलं. उलटी चूक तर जीवावर बेतते. पेनमधलं १०० चं औषध लाल सिरिंजनं ओढलं, तर २० च्या रेघेला जातात ५० युनिट. अडीच पट. एवढी साखर उतरली की घाम फुटतो, हातपाय थरथरतात, माणूस बडबडायला लागतो, आणि घरच्यांना वाटतं थकवा आलाय, झोपू द्या. झोपू देऊ नका. शुद्धीत असेल, गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी शुगर तपासा, ७० च्या खालीच असेल तर पुन्हा द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, गाडी बोलवा.

इन्सुलिन ठेवायचं कुठं, हेही आम्ही ‘फ्रीजमध्ये’ एवढंच सांगतो. ज्याच्याकडे फ्रीज नाही तो लाजून बोलत नाही. मी आधी विचारायचे, “घरात फ्रीज आहे की माठ?” माठ म्हणाले तर त्यांना सांगायचे, बाटली प्लास्टिकच्या डबीत घट्ट बंद करा आणि लहान मडक्यात गार पाण्यावर तरंगत ठेवा, मडकं सावलीत. वापरात असलेली बाटली अशी चार आठवडे काढता येते. फ्रीज असला तर दारात ठेवा, बर्फाच्या खणात नको. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं राहत नाही. दिसतं मात्र तसंच.

आषाढी जवळ आली की माझ्या पोटात गोळा यायचा. उपास करू नका म्हणून सांगितलं तर माणूस ‘हो’ म्हणतो आणि उपास करतो, फक्त आपल्याला सांगत नाही. म्हणून मी उपासाला नाही म्हणणं सोडलं. विचारायला लागले, “उपास कसा करता? निर्जळी की फराळाचा?” तिथून खरं बोलणं सुरू होतं. सकाळचं इन्सुलिन नेहमीइतकं घेऊन दुपारपर्यंत पोट रिकामं ठेवणारे असतात, त्यांची साखर उतरते. संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, रताळं, त्यांची चढते. एकाच दिवसात दोन्ही. मग आठवडाभर आधी डॉक्टरांकडे घेऊन जायचं, डोस ठरवून घ्यायचा, खिशात साखरेची पुडी ठेवायला सांगायचं. रमजानच्या आधी मुस्लिम पेशंटशी हेच बोलणं, वेळा तेवढ्या वेगळ्या. एक वारकरी बाबा मला म्हणाले होते, “डाक्तर म्हनत्यात वारी नगं. तुमी पयल्या, वारीत सुई कवा घ्यायची त्ये इचारनाऱ्या.”

सांगायचं कुणाला, हाही प्रश्न असतोच. बीपीच्या काकांना ‘मीठ कमी’ सांगून काय होणार? भाजीत मीठ काकू घालतात. काकूंना बोलवायचं. आणि ‘मीठ कमी’ याला अर्थ नसतो, प्रत्येकाला आपलं कमीच वाटतं. मी विचारायचे, “घरात माणसं किती? मिठाची एक किलोची पिशवी किती दिवस पुरते?” एका माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असं जागतिक आरोग्य संघटनेचं माप आहे. पाच माणसांना २५ ग्रॅम म्हणजे किलोभर मीठ किमान ४० दिवस जायला हवं. काकू म्हणायच्या, “अगंबाई, आमची तर वीस दिवसांत संपते.” आणि यात पापड, लोणचं, फरसाण धरलेलंच नाही. पुढच्या महिन्यात त्या आपणहून येऊन सांगायच्या, “सिस्टर, सत्तावीस दिवस!”

घरच्या माणसांवर विसंबण्याची आमच्या लोकांना भीती वाटते. १९७१ साली बांगलादेशातून लाखो निर्वासित आले, तेव्हा पश्चिम बंगालमध्ये बनगाव इथं कॉलऱ्याची साथ होती. खाटा नव्हत्या, जमिनीवर माणसं, आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा यांची मोजून पाकिटं करून घेतली, पिंपात पाणी कालवलं, आणि आई-बाप-भावांच्या हातात पेले दिले: तुम्हीच पाजा. पिऊन कॉलरा बरा होतो यावर कुणाचा विश्वास बसेना, म्हणून त्याला तोंडानं घ्यायचं सलाईन असं म्हणायला सुरुवात केली. सलाईन हा शब्द लोकांना ठाऊक होता, त्यावर भरवसा होता. आधी अशा तंबूंत शंभरातली तीसेक माणसं दगावत होती, ती चाराच्याही खाली आली. पाजणारे हात नर्सचे नव्हते. मला त्यातलं ते नाव ठेवणं फार आवडतं. शिकवणं म्हणजे निम्मं नाव ठेवणंच असतं.

तरी त्याच पाण्याचं, म्हणजे ओआरएसचं, पाकीट अजून चुकतंच. थोडं ग्लासात, थोडं संध्याकाळी, असं करतात. एक लिटरचं अख्खं पाकीट अख्ख्या एक लिटरमध्ये, आणि ते पाणी चोवीस तासांत संपवायचं, उरलं तर टाकायचं. लिटर कसं मोजणार? पाण्याची विकतची बाटली एक लिटरची असते, ती घरोघरी फ्रीजमध्ये आहे. आईला तीच दाखवायची. माप शिकवायचं तर तिच्या घरात असलेलं भांडं घेऊन.

काही गोष्टी आधी सांगितल्या तरच उपयोग. टीबीच्या गोळ्यांनी लघवी लालसर केशरी होते. हे पहिल्या दिवशी सांगितलं तर माणूस हसून सोडून देतो. नाही सांगितलं तर तिसऱ्या दिवशी ‘रक्त पडतंय’ म्हणून गोळ्या बंद करतो आणि लाजेनं फिरकत नाही. डायलिसिसवाल्यांचं शहाळ्याचं तसंच. आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळं न्यायची आपली रीत, पण त्यात पोटॅशियम भरपूर, आणि किडनी निकामी असलेल्याच्या अंगात ते साठून हृदय बंद पडू शकतं. हे पेशंटला सांगून भागत नाही, भेटायला येणाऱ्या आत्यालाही सांगावं लागतं. मी एका खाटेच्या डोक्याशी पाटीच लावली होती, ‘शहाळे आणू नये’. मेट्रननी काढायला लावली, वॉर्डाचा देखावा बिघडतो म्हणून.

तुम्ही म्हणाल, रात्रपाळीला चाळीस पेशंटमागे एक सिस्टर, ती पाढे कधी म्हणून घेणार? बरोबर आहे. मी माझ्या बहिणींची वकिली करायला आले नाही, पण हे खरंय की फाइलमध्ये ‘रुग्णशिक्षण दिले’ असा रकाना असतो, त्यावर आमची सही असते, पेशंटचा अंगठाही असतो, आणि तपासणीला येणारे तो रकाना भरलाय का एवढंच बघतात. माझ्या वॉर्डात मी एवढंच करू शकले की शिकवणं डिस्चार्जच्या दिवसावरून उचलून ॲडमिट झालेल्या दुसऱ्या दिवसावर आणलं. सकाळी इन्सुलिन देतेच आहे, तर तेव्हाच बाटली त्यांच्या हातात द्यायची. पहिल्या दिवशी बघा, दुसऱ्या दिवशी भरा, तिसऱ्या दिवशी टोचा. वेगळा वेळ लागत नव्हता. सुरुवातीला पोरी कुरकुरल्या, मग पेशंटच एकमेकांना शिकवायला लागले. आमच्या वॉर्डातल्या सफाईच्या मावशी तर येताजाता ओरडायच्या, “जागा बदला, रोज तितंच टोचू नगा, गाठ हुतीय!” त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ऐकून ऐकून.

बरं. पत्रिकेवर खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘आपल्या औषधांची पिशवी सोबत आणावी’. किती जणांनी आणलीय? हात वर करा. बऱ्याच आहेत. प्रश्नोत्तरं नकोत, डाव्या बाजूला टेबल लावलंय, तिथं या. गोळ्या नुसत्या दाखवू नका, कुठली कधी घेता ते मला सांगा. दम्याच्या पंपवाल्यांनी पंप ओढून दाखवायचा. इन्सुलिनवाले आधी, बाटली आणि सिरिंज दोन्ही घेऊन. आणि सिरिंजचं टोपण काढून फेकलं असेल तरी चालेल, आकडा आपण भिंगातून वाचू. भिंग मी आणलंय.