पेटीवरून पियानोकडे येणारा हात

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापुरात पियानोकडे वळणारे बरेच जण आधी पेटीवर बसलेले असतात. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी जिथं गायले, १८८३ पासून जिथं देवल क्लब ही संगीतसंस्था आहे, गोविंदराव टेंब्यांची पेटी ज्या गावानं ऐकली, तिथं हे साहजिकच. कान तयार असतो, सरगम बोटांत असते. तरीही पियानोसमोर हात अडतो. त्या अडलेल्या हातानं रियाज कसा करायचा, ते आज सांगायचं आहे.

सगळ्यात आधी अडतो तो डावा हात. पेटीवर तो भात्याला जुंपलेला असतो, बोटांना काही काम नसतं. म्हणून सुरुवातीचे काही महिने डाव्याला उजव्याच्या दुप्पट वेळ द्या. अंगठा १ आणि करंगळी ५ असे आकडे धरा. पांढऱ्या पट्ट्यांवरचं सी मेजर हे सप्तक, म्हणजे बिलावल थाटाचेच सूर, डाव्यानं चढताना ५-४-३-२-१ असे पंचमापर्यंत जा, मग मधलं बोट अंगठ्यावरून पलीकडे धैवतावर टाका आणि ३-२-१ नं वरचा षड्ज गाठा. उजव्या हातात १-२-३ झाल्यावर अंगठा बोटांखालून मध्यमावर येतो. इथं हमखास चूक होते: अंगठा उशिरा निघतो, घाईनं आदळतो आणि मध्यम धपकन वाजतो. ऋषभ वाजत असतानाच अंगठा आत सरकायला लागला पाहिजे.

दुसरी अडचण मला जास्त महत्त्वाची वाटते. पेटीचा सूर हवा असेपर्यंत टिकतो, मध्येच फुलवताही येतो. पियानोत हातोडी तारेवर आपटून लगेच मागे येते. पट्टी नंतर कितीही दाबा, सूर वाढत नाही, विझतच जातो. पट्टी जेमतेम १० मिलिमीटर खाली जाते. तेवढ्या अंतरात ती किती वेगानं गेली, त्यावर आवाज ठरतो. पेटीच्या सवयीचा हात पट्टी तळाला चेपून धरतो, मनगट आवळतं, आणि थोड्या वेळात कोपरापर्यंत दुखू लागतं. दुखलं की थांबायचंच. एकच सूर घ्या, अगदी हळूपासून मोठ्यापर्यंत पाच पायऱ्यांत वाजवा, आणि प्रत्येक वेळी सूर निघाल्याबरोबर पट्टी खाली राहील एवढंच वजन ठेवून बाकीचा हात सैल सोडा. स्प्रिंगच्या हलक्या पट्ट्यांच्या कीबोर्डवर ही समज येत नाही. वजनदार पट्ट्यांचा ८८ सुरांचा डिजिटल पियानो चालेल.

सूर लांबवायचा म्हणून पायाखालचं उजवं पेडल दाबूनच ठेवलं, तर सगळे सूर एकमेकांत मिसळून गढूळ होतात. नवा कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवलेला सुरांचा गुच्छ, वाजताना पाय वर, वाजल्यावर लगेच खाली. हे सुरुवातीला उलटं वाटतं. रोज पाच मिनिटं फक्त दोन कॉर्डवर करा.

आता प्रत्यक्ष रचना. दरवेळी पहिल्यापासून सुरू करण्याची खोड फार वाईट. पहिलं पान पाठ होतं, तिसरं कच्चंच राहतं. अवघड दोन बार, म्हणजे लिपीतल्या उभ्या रेघांमधले मात्रांचे दोन खंड, उचला, पण पुढच्या बारचा पहिला सूर त्यात घ्याच, नाहीतर सांधा तुटतो. लय मोजून देणारं यंत्र, म्हणजे मेट्रोनोम, मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा. सलग तीनदा बिनचूक आलं की ४ नं वाढवा, चुकलं की ८ नं उतरवा. विलंबितात पक्की न झालेली तान द्रुतात फाटते, हे गाणाऱ्यांना सांगावं लागत नाही. शेवटचे चार बार आधी बसवा, मग त्यांच्या आधीचे चार. पाच-सहा ठिकाणं अशी ठरवा, की कुठूनही सुरू करता येईल. मंचावर विस्मरण झालं तर हात पुढच्या ठिकाणावर उडी मारू शकतो.

कोल्हापूरच्या पावसाळ्याबद्दलही बोलायला हवं. दमट हवेनं लाकूड फुगतं, सूर चढतात, पट्ट्या अडकतात. पियानो बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, आणि ट्यूनिंग पाऊस पूर्ण सरल्यावर, हवा कोरडी झाल्यावर करा.

सभागृहातला पियानो परका असतो. लोक येण्याआधी त्याच्यावर पंधरा मिनिटं मागून घ्या. पहिल्यांदा स्टूल: मांडी घालून बसायची सवय असलेला माणूस फार जवळ बसतो. पुढच्या अर्ध्या भागावर बसा, कोपर पट्ट्यांच्या पातळीला येऊ द्या. मग सूर किती हळू आवाजात निघू शकतो ते शोधा, पेडल कुठं पकडतं ते पाहा, आणि अवघड दोन बार एकदाच, सावकाश वाजवा.