फादर पुढच्या चर्चकडे निघाल्यावर

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या कॅथलिक चर्चमध्ये एकाच धर्मगुरूंकडे तीन-चार धर्मग्राम, म्हणजे एकेका चर्चचे भाविक-समुदाय, असले की रविवारी काय होतं? फादर येतात, मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, अर्पण करतात आणि पुढच्या चर्चकडे निघतात. मग आठवडाभर आजाऱ्याच्या उशाशी कोण बसणार? मुलांना धर्मशिक्षण कोण देणार? कुणाच्या घरी मयत झाली, तर पहिला फोन कुणाला करायचा?

ही कामं आम्ही प्रापंचिक, म्हणजे धर्मगुरू नसलेली साधी भाविक माणसं करतो, तेव्हा त्याला 'फादरांना मदत' म्हणतात. मला हा शब्द अपुरा वाटतो. मदत करणारा पाहुण्यासारखा असतो, आज आला, उद्या नाही. आमची जबाबदारी स्नानसंस्कारातून, म्हणजे बाप्तिस्म्यातून आली आहे. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनं, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेनं, १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला, त्यातल्या प्रकरणांचा क्रमच बघा. आधी 'देवाची प्रजा', आणि त्यानंतर बिशप आणि धर्मगुरू यांचं प्रकरण. हा क्रम विचार करून लावलेला होता.

१९८३ च्या धर्मसंहितेत, म्हणजे चर्चच्या कायद्यात, ५१७ वं कलम आहे. धर्मगुरूंची उणीव असेल, तर धर्मग्रामाच्या पाळकीय सेवेतला वाटा बिशप एखाद्या डीकनला (धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरच्या दीक्षित सेवकाला), प्रापंचिक व्यक्तीला किंवा व्यक्तींच्या गटाला सोपवू शकतात. देखरेखीसाठी एक धर्मगुरू मात्र नेमावेच लागतात. मिस्सा, पापनिवेदन, आजाऱ्यांचा अभ्यंग (पवित्र तेलाचं लेपन) हे धर्मगुरूंचंच काम, त्याला पर्याय नाही.

या कलमातला 'गट' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. कारण एकट्या माणसावर सगळं सोपवलं की काय होतं, ते मी पाहिलं आहे. माणूस सज्जन, कष्टाळू. चर्चच्या किल्ल्या त्याच्याकडे, हिशेब त्याच्याकडे, कार्यक्रमांच्या तारखाही तोच ठरवणार. हळूहळू लोक विचारायचेच थांबतात, 'त्यांना माहीत असेल' म्हणतात. एक दिवस तो आजारी पडतो आणि सगळं ठप्प होतं. त्याचा दोष नसतो, आपणच त्याला एकटं पाडलेलं असतं.

म्हणून पाच-सहा जण हवेत. प्रत्येकाकडे एक काम, कामाला ठरावीक मुदत, आणि महिन्यातून एकदा सगळ्यांनी एकत्र बसणं. आमच्या गटाच्या सुरुवातीच्या बैठका छपराची दुरुस्ती आणि वर्गणी यांतच संपायच्या. मग आमच्यातल्या एका वयस्कर बाईंनी प्रार्थनेनंतर विचारायला सुरुवात केली, "या रविवारी कोण दिसलं नाही?" पहिल्या वेळी कुणालाच सांगता येईना. पुढच्या महिन्यात चार नावं आली. बैठक संपल्यावर दोघं जण त्यातल्या एका घरी गेले, तर त्या घरातल्या माणसाची नोकरी सुटून दोन महिने झाले होते, आणि आम्हाला पत्ताच नव्हता.

चर्चच्या कायद्यानं धर्मग्रामाची वित्त समिती सक्तीची आहे. भाविकांच्या सेवेचा विचार करणारं पाळकीय मंडळ मात्र बिशपांनी ठरवलं तरच, आणि त्याचं मत सल्ल्यापुरतं. २०२४ च्या सिनॉडनं, म्हणजे पोपनी बोलावलेल्या सल्लासभेनं, अशी मंडळं सक्तीची करावीत असं म्हटलं, आणि त्यांत स्त्रिया, तरुण आणि गरीब यांचा सहभाग वाढवा, असंही सांगितलं. मला ते पटतं. सल्ला केवळ सल्लाच असला, तरी सगळ्यांनी मिळून, प्रार्थनेतून दिलेला सल्ला सहज बाजूला ठेवता येत नाही. शिवाय २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचक (उपासनेत बायबल वाचणारे) आणि वेदीसेवक (वेदीपाशी साहाय्य करणारे) या सेवा स्त्रियांसाठी रीतसर खुल्या केल्या, आणि त्याच वर्षी धर्मशिक्षकाच्या सेवेलाही अधिकृत स्थान दिलं.

गटातली माझी स्वतःची मुदत या वर्षअखेर संपते आहे. हिशेबाची वही आतापासूनच मी, माझ्यानंतर हे काम घेणाऱ्या धर्मभगिनीबरोबर बसून समजावून देतो आहे. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "आजाऱ्यांच्या औषधपाण्यासाठी वेगळा रकाना का नाही?"

आता तो आहे.