सरकारी वकील ते गव्हर्नर: ॲरिझोनाचे राउल कॅस्ट्रो

नमस्कार मंडळी! राउल कॅस्ट्रो म्हटलं की क्युबा आठवतो ना? आज ज्यांच्याविषयी बोलायचंय, ते राउल कॅस्ट्रो वेगळे. हे अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याचे पहिले आणि आजवरचे एकमेव हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळांचे, गव्हर्नर.

जन्म १९१६चा, मेक्सिकोतल्या कानानेआ या खाणगावात. पुढे कुटुंब ॲरिझोनात डग्लसजवळ येऊन राहिलं. वडील खाणकामगार, ते लवकर गेले. आईनं सुईणपण करून पोरं वाढवली. शाळेला रोज मैलोन्‌मैल पायपीट, आणि गोऱ्या मुलांची बस शेजारून निघून जायची.

१९३९ मध्ये शिक्षकाची पदवी मिळाली, त्याच वर्षी नागरिकत्वही. तरी डग्लसच्या शाळांनी दारातूनच परत पाठवलं. कारण? मेक्सिकन वंश. पदवी घेतलेला हा तरुण मालगाड्यांतून गावोगाव हिंडला, शेतात राबला, चार पैशांसाठी बॉक्सिंग खेळला. मग सीमेपलीकडच्या अमेरिकी कॉन्सुलेटमध्ये कारकुनी. १९४९ साली वकील झाले तेव्हा तिशी उलटून गेली होती.

आता इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. आपल्याकडे सरकारी वकील सरकार नेमतं. तिथं जिल्ह्याचा मुख्य सरकारी वकील मतं मागून निवडून येतो, म्हणजे वकिलाला राजकारणाचं दार कोर्टातच उघडतं. कॅस्ट्रो १९५४ मध्ये टुसॉनच्या पिमा काउंटीत असे निवडून आले, नंतर न्यायाधीश झाले. ज्यांच्या गावानं मास्तरकी दिली नाही, त्यांना मतदारांनी न्यायाच्या खुर्चीत बसवलं. मला त्यांच्या प्रवासात हेच सगळ्यात मोठं वाटतं, गव्हर्नरपदापेक्षाही.

त्या काळातला एक किस्सा ते स्वतः सांगायचे. जुने कपडे घालून घराचं कुंपण रंगवत होते. सीमा पोलिसांची गाडी थांबली. कामाचं कार्ड आहे का? कुणाकडे काम करतोस? घरातल्या बाईसाहेबांकडे, असं यांनी सांगितलं. पोलिसांना ते खरं वाटेना. शेवटी यांनी पाटी दाखवली: न्यायाधीश कॅस्ट्रो.

पुढे एल साल्वादोर आणि बोलिव्हियात राजदूत झाले. १९७० मध्ये गव्हर्नरपदाला उभे राहिले आणि थोडक्यात हरले. तिथला गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे बरं का; थेट जनतेनं निवडलेला राज्याचा कारभारी. १९७४ मध्ये पुन्हा उभे राहिले, आणि पाच हजारांहूनही कमी मतांनी जिंकले! पण १९७७ मध्ये मुदत अर्ध्यावर सोडून अर्जेंटिनाला राजदूत म्हणून गेले. राज्यानं दिलेला कौल त्यांनी पूर्ण करायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

२०१५ मध्ये, ९८व्या वर्षी ते गेले. त्याआधी तीन वर्षं, ९६व्या वाढदिवसाच्या जेवणाला निघाले असताना, सीमा पोलिसांनी नाक्यावर गाडी अडवली. वैद्यकीय तपासणीमुळे अंगात थोडा किरणोत्सर्ग उरला होता, तो यंत्रानं टिपला. जूनचा महिना, ॲरिझोनाचं ऊन, आणि माजी गव्हर्नर गाडीतून उतरून चौकशी संपायची वाट बघत होते.