सहाच्या जागेत बारा: स्लिप-स्टॅकिंग

अमेरिकेतल्या फर्मिलॅब या कणभौतिकी प्रयोगशाळेचा बूस्टर, म्हणजे प्रोटॉनना वेग देणारं गोल यंत्र, तसा लहान, घेर 474 मीटर. त्याच्या एका फेरीत 84 आरएफ बकेटं (रेडिओ-वारंवारितेच्या विद्युतक्षेत्राने बनलेले, प्रोटॉनांचा एकेक पुंजका धरून ठेवणारे कप्पे) मावतात आणि सेकंदाला 15 वेळा तो 8 जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेची एक बॅच, म्हणजे पुंजक्यांची एक माळ, सोडतो. पुढची रिसायकलर रिंग, जिथे या बॅच जमवतात, घेराने नेमकी सातपट. म्हणजे जागा सात बॅचची. त्यातली एक किकर चुंबकासाठी, म्हणजे झोताला क्षणिक धक्का देऊन आत-बाहेर करणाऱ्या चुंबकासाठी, मोकळी ठेवावीच लागते. उरल्या सहा. तरी तिच्यात बारा बॅच बसतात. ती युक्ती म्हणजे स्लिप-स्टॅकिंग.

भरलेल्या जागेत नवी बॅच घालता येत नाही. किकरचा जो धक्का नव्या प्रोटॉनना कक्षेत आणतो, तोच जुन्यांना बाहेर फेकेल.

म्हणून आधीच्या सहा बॅचची आरएफ वारंवारिता 1260 हर्ट्झने उतरवतात. मूळ 52.8 मेगाहर्ट्झपुढे हे किरकोळच. संवेगात फरक सुमारे 0.27 टक्के. पण 1260 भागिले 15 करून पाहा: बरोबर 84, एका बॅचची बकेटं! पुढची बॅच येईपर्यंत जुना संच एका बॅचइतका मागे सरकतो आणि मोकळी जागा नव्या बॅचच्या पाठीला येऊन लागते. असं सहादा झालं की जुना आणि नवा, दोन्ही संच एकमेकांवर येतात. लगेच ते मेन इंजेक्टर या पुढच्या त्वरकात जातात. तिथे मधल्या वारंवारितेचं एकच मोठं बकेट, सुमारे 1 मेगाव्होल्टचं, जोडीला पकडतं.

फेज स्पेसमध्ये, म्हणजे वेळ आणि ऊर्जा असे दोन अक्ष असलेल्या नकाशात, मात्र पुंजके एकत्र होत नाहीत. या नकाशात पुंजक्यांनी व्यापलेलं क्षेत्रफळ दाबून कमी करता येत नाही, असं सांगणारं ल्यूव्हीलचं प्रमेय ते होऊ देत नाही. वेळेत ते एकावर एक असतात, ऊर्जेत वरखाली. मधली रिकामी पट्टीही बकेटात येते आणि झोत ऊर्जेत पसरट होतो.

खरी कसोटी आरएफच्या व्होल्टेजची. प्रत्येक पुंजक्याला दुसऱ्या संचाचा आरएफही हलवत असतो. वारंवारितांमधला फरक सिंक्रोट्रॉन वारंवारितेच्या (प्रोटॉन बकेटात मागेपुढे झुलतात तिच्या) चौपटीखाली गेला की बकेटं एकमेकांत घुसतात. व्होल्टेज उतरवलं तर ती सुटी होतात, पण आकसतात. दोन्हीकडून प्रोटॉन सांडतात.

सांडलेले प्रोटॉन वाहत मोकळ्या जागेत येतात आणि पुढच्या किकरच्या धक्क्याने चुंबकांवर आदळतात. चुंबक किरणोत्सारी झाले की तिथे माणसाला काम करणं अवघड. त्यामुळे बॅच येण्याच्या जरा आधी वेगळे किकर ती जागा झाडून प्रोटॉन डंपमध्ये, म्हणजे झोत शोषून घेणाऱ्या ठोकळ्यात, टाकतात.

बूस्टर 20 हर्ट्झवर नेण्याची योजना आहे. मग दोन संचांच्या वारंवारितांमधला फरक 20 गुणिले 84, म्हणजे 1680 हर्ट्झ होईल: बकेटं आणखी सुटी राहतील, पण दोन्ही संच सामावायला रिंगची संवेग-मर्यादाही तेवढी रुंद लागेल.